पोटातली बिऱ्हाडं

कुंभकोणमच्या अगदी शेजारी दारासुरम आहे. तिथलं ऐरावतेश्वराचं मंदिर बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधलं. २००४ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. या मंदिरात एक लहानसं शिल्प आहे. बैल आणि हत्ती समोरासमोर भिडलेत, पण दोघांत मिळून डोकं एकच. हत्तीचं अंग हाताने झाकलं की मान वर केलेला बैल दिसतो. बैलाचं झाकलं की हत्ती. दगडावरच्या त्याच रेषा दोघांच्या कामी येतात, आणि यातला खरा प्राणी कोणता, हा प्रश्नच फजूल ठरतो.

माणसाच्या शरीराचंही असंच आहे. फक्त आपण आजवर त्याची एकच बाजू बघत आलो. २०१६ साली रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो या तिघांनी सत्तर किलो वजनाच्या माणसाचा हिशोब नव्याने मांडला. त्याच्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी, आणि अंगावर-पोटात राहणारे जिवाणू साधारण ३८ लाख कोटी. हे आकडे ढोबळ आहेत, पण पारडी जवळपास समसमान आहेत एवढं त्यातून नक्की कळतं. या सगळ्या जिवाणूंचं मिळून वजन मात्र पाव किलोही भरत नाही, आणि त्यातले बहुतेक राहतात मोठ्या आतड्यात.

डोकी मोजली की एवढं कळतं. जनुकं मोजली की चित्र आणखी पालटतं. माणसाच्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत आणि प्रथिनं बनवणारी जनुकं जेमतेम वीस हजार. २०१० साली युरोपातल्या १२४ माणसांच्या विष्ठेतला डीएनए सरसकट वाचला गेला. त्यात जिवाणूंची निरनिराळी जनुकं निघाली ३३ लाख, म्हणजे आपल्या जनुकसंख्येच्या दीडशेपट.

एवढी जनुकं करतात काय? याचं उत्तर आपल्या ताटात आहे. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, गवारीची भाजी पानात वाढली, तर त्यातला पिष्टमय भाग, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ आपण स्वतः पचवतो. उरतो तो चोथा. वनस्पतीच्या पेशींच्या भिंती गुंतागुंतीच्या साखळ्यांच्या बनलेल्या असतात आणि प्रत्येक सांधा तोडायला वेगळं विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. अन्नातल्या अशा शर्करांच्या साखळ्या तोडणारी विकरं माणसाच्या स्वतःच्या जनुकांत फार तर सतरा आहेत. सतरा! बॅक्टेरॉइड्स थिटायोटाओमायक्रॉन हा आतड्यातला एकटा जिवाणू घ्या. त्याचा जिनोम, म्हणजे सगळा डीएनए, २००३ साली संपूर्ण वाचला गेला. त्याच्याकडे अशी अडीचशेच्या वर विकरं आहेत. गवारीचा चोथा आपल्या हातून सुटतो तो याच्यासारख्यांच्या हातात पडतो. ते तो आंबवतात आणि त्यातून लहान साखळीची आम्लं तयार होतात. त्यातलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन आहे. या पेशींना लागणाऱ्या ऊर्जेचा साधारण सत्तर टक्के भाग त्या ब्युटिरेटमधून मिळवतात. आपल्याच शरीरातल्या पेशी आपल्या जेवणावर थेट जगत नाहीत, दुसऱ्या कुणीतरी रांधून दिलेल्यावर जगतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो.

मग हे रांधणारे इतकी वर्षं कुणाला दिसले कसे नाहीत? एक दिसला होता. थिओडोर एशेरिक या डॉक्टरने १८८५ साली तान्ह्या बाळांच्या विष्ठेतून एक जिवाणू वाढवला. तोच पुढे त्याच्या नावाने ई. कोलाय म्हणून जगभर ओळखला गेला. त्याच्यावर जेवढं संशोधन झालं तेवढं दुसऱ्या कुठल्या जिवाणूवर झालं नसेल. पण मोठ्या माणसाच्या आतड्यातल्या वस्तीत त्याचा वाटा एक टक्काही नसतो. तो आधी सापडला, कारण त्याला हवा चालते. इतर बहुतेकांना प्राणवायू म्हणजे विष. आतड्याच्या अंधारातून बाहेर आले की ते बशीत पोचण्याआधीच मरतात.

आता पुण्यात येऊ. विधी महाविद्यालयाच्या परिसरात आघारकर संशोधन संस्था आहे. ती ज्या रस्त्यावर आहे त्याला गोपाळ गणेश आगरकरांचं नाव आहे, पण संस्थेचं नाव वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकरांचं. पुणेकरही यात गल्लत करतात. इथे दिलीप रानडे आणि विक्रम लांजेकर हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंवर काम करत होते. तिकडे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि त्यांचे विद्यार्थी सुदर्शन शेट्टी, नचिकेत मराठे माणसाच्या आतड्यातले जिवाणू डीएनएवरून ओळखत होते. एका संस्थेकडे जिवाणू जिवंत ठेवण्याचा हात होता, दुसरीकडे त्यांची जनुकं वाचण्याचा. दोन्ही जुळलं आणि त्यातून जे झालं ते मला फार मोलाचं वाटतं.

हवेवाचून जिवाणू वाढवायची रीत रॉबर्ट हंगेट या अमेरिकन शास्त्रज्ञाने गुरांच्या पोटातले जिवाणू पकडण्यासाठी बसवली. जाड काचेची नळी घ्यायची. पोषक द्रव उकळून त्यातली हवा घालवायची, वरून नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड सोडत राहायचं, मग जाड रबरी बूच लावून त्यावर ॲल्युमिनियमचं सील दाबायचं. द्रवात रेझाझुरिन नावाचं एक रंगद्रव्य घातलेलं असतं. प्राणवायूचा अंश असेपर्यंत द्रव गुलाबी दिसतो. तो संपला की रंग उडून जातो. काम करणाऱ्याची नजर त्या रंगावर खिळलेली असते. नळी बिनरंगी झाली की सिरिंजची सुई बुचातून आत घालायची आणि पातळ केलेल्या विष्ठेचा थेंब सोडायचा. नळी पुन्हा गुलाबी झाली तर सगळं काम फुकट.

दोन निरोगी स्वयंसेवकांच्या नमुन्यांतून, एक २६ वर्षांचा आणि दुसरा ५६, असे दोन गोलाकार जिवाणू वाढले. ते मेगास्फेरा या गटातले होते. या गटाचा आधीपासून माहीत असलेला सदस्य, मेगास्फेरा एल्सडेनी, हा रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातला. त्याचा नमुनेदार वाण, म्हणजे ज्यावरून जात ठरते तो स्ट्रेन, मेंढीच्या पोटातून आला आहे. पुण्याचे दोघे मात्र माणसाचे होते आणि कुठल्याही ज्ञात जातीशी पुरते जुळत नव्हते. २०१४ साली त्यांची नवी जात म्हणून नोंद झाली: मेगास्फेरा इंडिका. त्याआधीच, २०१३ साली, दोघांचे जिनोम वाचून मेंढीच्या वाणाशी ताडून पाहिलेले निकाल छापून आले होते.

जिनोम वाचायचा म्हणजे काय करायचं? आधी पेशींची आवरणं फोडून डीएनए मोकळा करायचा. थंड अल्कोहोल घातलं की तो पांढऱ्या धाग्यांसारखा वर येतो, डोळ्यांना दिसतो. मग त्याचे काही शे अक्षरांचे असंख्य तुकडे करायचे. सध्याच्या एका प्रचलित पद्धतीत हे तुकडे काचेच्या पट्टीवर चिकटवून तिथल्या तिथे प्रत्येकाच्या प्रती काढतात. पुढे यंत्र एकेक अक्षर जोडत जातं. ए, टी, जी, सी या चार अक्षरांना ओळखीच्या रंगखुणा असतात. एक अक्षर जोडलं की कॅमेरा अख्ख्या पट्टीचा फोटो घेतो, रंग धुतला जातो आणि पुढचं अक्षर येतं. एका पट्टीवर कोट्यवधी ठिपके चमकत असतात आणि प्रत्येक ठिपका म्हणजे एका तुकड्याचं वाचन. त्यानंतर संगणक कोणाचं शेपूट कोणाच्या तोंडाशी जुळतं ते शोधत तुकडे सांधत जातो. मेगास्फेरा एल्सडेनीचा जिनोम सुमारे पंचवीस लाख अक्षरांचा आहे. आपल्या ३०० कोटींपुढे एवढासा, पण त्यात रिकामी जागा फार थोडी. जिवाणूंचा जिनोम आटोपशीर असतो, जवळपास सगळा कामाचा.

मेंढीचा जिवाणू आणि माणसाचे जिवाणू शेजारी ठेवल्यावर पहिली ठळक गोष्ट दिसली ती पित्ताची. पुण्याच्या दोन्ही वाणांत पित्ताला तोंड देण्याची सोय सापडली. विचार केला की हे किती चोख आहे ते कळतं. मेंढीचं चारा आंबवणारं पोट अन्नमार्गात आधी येतं, पित्त मिसळतं नंतर. तिथल्या जिवाणूची पित्ताशी गाठच पडत नाही. माणसात आंबवण्याचं काम अगदी शेवटी, मोठ्या आतड्यात चालतं, आणि तिथवर जायचं तर पित्तातून जावं लागतं. पित्त साबणासारखं स्निग्ध आवरणं विरघळवतं, आणि जिवाणूचं आवरणही स्निग्धच. अन्नमार्गाचा असा सगळा नकाशा पंचवीस लाख अक्षरांच्या त्या लिपीत उमटलेला होता.

दुसरी गोष्ट ताटाची. शर्करांच्या साखळ्यांवर काम करणारी विकरं माणसातल्या वाणांत मेंढीच्या वाणापेक्षा जास्त आणि निराळी निघाली. संशोधकांनी त्याचं कारण यजमानाच्या आहारातल्या फरकाशी जोडलं, आणि ते मला पटतं. मेंढी काय, गवत आणि पालाच खाणार. माणूस सकाळी पोहे खातो, दुपारी भाकरी-पिठलं आणि रात्री मुगाची खिचडी. इतक्या तऱ्हांचं अन्न येणार असेल तर हत्यारंही तितकीच लागणार.

तिसरी गोष्ट ब्युटिरेटची. जनुकांवरून अंदाज निघाला की हे जिवाणू ब्युटिरेट, ॲसिटेट, काही जीवनसत्त्वं आणि आवश्यक अमिनो आम्लं बनवू शकत असावेत. ही संशोधक मंडळी इथे थांबली नाहीत. ती पुन्हा नळीकडे गेली आणि ती द्रव्यं खरोखर बनतात की नाही हे मोजून पाहिलं. ती बनत होती. जिनोमविज्ञानात या पावलाला मी सगळ्यात जास्त मान देतो. जनुकं वाचून जिवाणू काय करू शकेल ते कळतं. तो काय करतो ते जिवंत जिवाणूच सांगतो. म्हणून तो नळीत जगवणाऱ्या हाताचं महत्त्व यंत्रापेक्षा तसूभरही कमी नाही. याच जिनोमांत प्रतिजैविकांना न जुमानण्याची जनुकंही सापडली, हेही सांगायला हवं. पोटातली बिऱ्हाडं सगळी गुणाचीच असतात असं समजू नये.

दोनच जिवाणू, मग एवढं कौतुक कशाला? शिल्लक काय आहे ते बघा. जगभरातल्या आतड्यांतल्या जिवाणूंचे जिनोम एकत्र करून २०२० साली एक मोठी सूची प्रसिद्ध झाली. तीत २ लाख ४ हजार ९३८ जिनोम आहेत आणि ४,६४४ जाती. यातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त जाती प्रयोगशाळेत कधी वाढवताच आलेल्या नाहीत. विष्ठेतला मिसळलेला डीएनए सरसकट वाचून, संगणकावर तुकडे वेगळे काढून त्यांचे जिनोम जुळवले आहेत. त्यांची लिपी आपल्या हाती आहे, पण ते जीव कुणी पाहिलेले नाहीत. आणि हे नमुने मुख्यतः युरोप, अमेरिका आणि चीनमधले. भाकरी, भात, डाळ, ताक यांवर वाढलेल्या आतड्यांचं वाचन त्या मानाने फार थोडं झालं आहे.

जे झालं आहे ते मात्र उत्सुकता चाळवणारं आहे. याच पुणेकरांनी २०१२ साली एका छपराखाली तीन पिढ्या राहणारी दोन कुटुंबं घेतली. स्वयंपाकघर एक, पाणी एक. तरी आजी-आजोबांच्या आणि नातवंडांच्या पोटातली वस्ती वयागणिक वेगळी निघाली. अशा पाहणीला एकत्र कुटुंब म्हणजे आयती सोन्याची खाण आहे, आणि ती आपल्याकडे अजून शिल्लक आहे. पुढे २०१६ साली शौचे यांच्याच गटाने दाखवून दिलं की भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला हा जिवाणूंचा गट आणि आपली ही मेगास्फेरा, दोघांचंही प्रमाण इतर देशांच्या तुलनेत जास्त आहे. भोपाळच्या संशोधकांनी २०१९ साली भोपाळ आणि केरळ मिळून ११० माणसांच्या नमुन्यांतली जनुकं वाचली. भोपाळच्या, मुख्यतः शाकाहारी आणि धान्यावर जगणाऱ्या माणसांत प्रिव्होटेलाचं राज्य. मासे-मांस आणि भात खाणाऱ्या केरळात बॅक्टेरॉइड्स, रुमिनोकॉकस, फीकॅलिबॅक्टेरियम यांची चलती.

हे सगळं वाचताना माझं मन पुन्हा पुन्हा कावेरीकाठी जातं. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं आणि मराठ्यांचं राज्य तिथे १८५५ पर्यंत टिकलं. कुंभकोणम, दारासुरम याच मुलखात. त्या काळात देशावरून गेलेली कुटुंबं तिथेच रुजली. त्यांच्या घरांत आजही एक निराळी मराठी बोलली जाते. ज्वारी-बाजरीच्या मुलखातली माणसं भाताच्या मुलखात गेली. त्यांना खाण्याची चिकित्साही होती. व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाईसाहेबांच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त या मराठी पंडिताने ‘भोजनकुतूहल’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला, तो सगळा अन्नाचे गुणदोष सांगणारा आहे. सांबाराचा जन्म तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यात झाला अशी एक कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, ताट बदललं हे निश्चित.

मग त्यांच्या पोटातल्या बिऱ्हाडांचं काय झालं असेल?

प्रश्न भाबडा नाही, कारण इथे दोन ओढी एकमेकींच्या विरुद्ध काम करतात. पहिली आईची. २०२३ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की बाळाच्या पहिल्या वर्षात आई आणि बाळ या दोघांत सामाईक असलेल्या जातींपैकी सुमारे निम्म्यांचे वाण अगदी तेच, हुबेहूब असतात. एका घरात राहणाऱ्यांत हे प्रमाण साधारण १२ टक्के. म्हणजे जिवाणू दागिन्यांसारखेच आईकडून लेकीकडे जातात, आणि एखादं साताऱ्याकडचं घराणं दहा-बारा पिढ्यांनंतरही कुंभकोणमच्या कुणा आजीच्या पोटात नांदत असू शकेल.

दुसरी ओढ ताटाची, आणि तीही जबर आहे. थायलंडहून अमेरिकेत गेलेल्या ह्मोंग आणि करेन लोकांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. देश बदलल्यावर काही महिन्यांतच त्यांच्या आतड्यांतले जुने वाण हटू लागले. प्रिव्होटेला घटला आणि त्याच्याबरोबर चोथा तोडणारी विकरंही गेली. तिथेच जन्मलेल्या पुढच्या पिढीत विविधता आणखी कमी झाली. ताट कधी कधी नवी जनुकंही आणतं. जपानी लोक सुशीभोवती नोरी नावाचं समुद्री शेवाळ गुंडाळून खातात. त्यातली साखळी तोडणारं विकर मूळचं समुद्रातल्या जिवाणूंचं. तेच जनुक काही जपान्यांच्या आतड्यातल्या बॅक्टेरॉइड्स प्लेबियसमध्ये २०१० साली सापडलं. तुलनेला घेतलेल्या अमेरिकनांत ते नव्हतं. शेवाळाला चिकटून आलेल्या समुद्री जिवाणूने पिढ्यान्‌पिढ्या खाल्ल्या जाणाऱ्या घासातून आपलं एक जनुक माणसाच्या पोटात ठेवून दिलं, असंच मानावं लागतं.

साडेतीनशे वर्षांत तंजावरी मराठी घरांत कोणती ओढ जिंकली? आईची की भाताची? साताऱ्याकडचं एक गाव, कुंभकोणमकडची मराठी घरं आणि त्यांच्या शेजारची तमिळ घरं, अशा तिन्ही ठिकाणचे नमुने घेऊन वाणांच्या पातळीवर जिनोम ताडले तर याचं उत्तर मिळू शकेल. यंत्रं आपल्याकडे आहेत, हात आहेत. जिवाणू सांभाळून ठेवायला पुण्यातच राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे. घाई करायचं कारणही आहे. मैद्याचं तयार खाणं आणि ऊठसूट घेतलेली प्रतिजैविकं या वस्तीवर रोज घाव घालत आहेत, आणि आईच्या पोटातून नाहीसा झालेला वाण लेकीला मिळत नाही.

एक सावधगिरी सांगतो. विष्ठेची चाचणी करून तुमच्यासाठी खास आहार सांगणारे पुष्कळ निघाले आहेत. ज्या वस्तीतल्या बहुतेक जाती अजून कुणी वाढवलेल्याही नाहीत, तिच्यावरून एका माणसाचं पथ्य ठरवण्याइतकं ज्ञान आज कुणाकडे नाही. तो पैसा कडधान्यांवर आणि भाज्यांवर खर्च करा.

पण एखाद्या सरकारी संशोधन संस्थेची माणसं रीतसर संमतिपत्र घेऊन दारात आली आणि अभ्यासासाठी तुमचा नमुना मागू लागली, तर कृपा करून नाक मुरडू नका. नमुना द्या, घरात आजी असतील तर त्यांनाही द्यायला सांगा. मेगास्फेरा इंडिका अशाच दोन माणसांनी न लाजता दिलेल्या नमुन्यांतून सापडली.